पहिला भोंगा

तुमचे आजोबा येळेवर पोचले म्हून त्यान्ला जिनात नौकरी लागली, हे ह्या घरात सगळ्याला पाठ हाय. कोन्या पोराला कुठून बलावणं आलं की कोनी ना कोनी त्याच्या हातावर दही ठिवतंय आन् सांगतंय, बाबा, आजोबासारखं येळंच्या आदी जाऊन उभा ऱ्हा. दही मीबी ठिवते. सांगतात ते काय वंगाळ न्हाई. नौकरी मागायला जायचं तर मानसानं येळंवर जावंच.

पण तुमचे आजोबा, बन्सीधर दिनकरराव, ते सगळ्या आयुष्यात त्या एकाच दिवशी येळंवर गेले. त्याच्या आदी न्हाई आन् त्याच्यानंतर तर न्हाईच न्हाई. आईच्या पोटातून यायलाबी त्यान्ला बारा म्हैने लागले. सुईण बसून बसून कटाळली, मधी सोताच्या घरी जाऊन लेकीचं लगीन लावून आली. शेवटाला यम न्यायला आला तवा ह्यांची आंघोळ व्हायची व्हती. यम बिचारा वसरीत बसला, रेड्याला कडबा घातला, आन् कटाळून माघारी गेला तो दुसऱ्या साली आला. आसा मानूस त्या दिवशी सगळ्याच्या आदी फाटकाच्या आत कसा काय उभा ऱ्हायला, हे ह्या घरात कोनी कधी इचारलं न्हाई. म्हून मीच सांगते.

निजामाचं राज व्हतं तवा. सेलूच्या भायेर, टेसनाच्या अंगाला, एका शेटजीचं जिन व्हतं. कापसातली सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, आन् त्या गाठी रेल्वेत चढवायच्या. घड्याळ म्हंजी काय ते टेसनमास्तरच्या भिताडावर एक आन् शेटजीच्या बंडीच्या खिशात एक. बाकीच्या दुनियेला येळ सांगायचा तो जिनाचा भोंगा. तो भोंगा वाजवायचा माझा बाप, लिंबाजी. बॉयलर पेटवायचा त्यानं, वाफ धरायची त्यानं, आन् साखळी वढायची त्यानं.

भोंगा म्हंजी काय सांगू. वालूरपसोर आयकू जायचा. भोंगा झाला की म्हशी धार काढायच्या आदीच पान्हा सोडायच्या. सेलूच्या कोंबड्यांनी आरवायचं बंद केलं व्हतं, म्हणायचे आता आमचं काय काम. एक बहिरी म्हातारी व्हती आमच्या आळीला, तिला बाकी काय आयकू यायचं न्हाई, भोंगा तेवढा यायचा.

सकाळचे भोंगे दोन. पहिला म्हंजी उठा, आवरा. दुसरा म्हंजी फाटक लागलं. दोन्हीच्या मधी येवढा बखत की मानसानं आंघोळ करावी, भाकर खावी, बायकोसंगं भांडावं, भांडण मिटवावं, आन् तरी बिडी वढत वढत फाटकात पोचावं. पण एक ध्यानात ठिवा, दोन्ही भोंग्याचा आवाज एकच. एकामागं एक वाजले, म्हून कळायचं की हा पहिला आन् हा दुसरा.

आता मुंजाजी. माझी आत्या धुरपताबाई वालूरला दिलेली. तिचा मालक लवकर गेला, पदरात एकलं एक पोरगं, ते मुंजाजी. थोडी कोरडवाहू जमीन व्हती, तिच्यावर कसंबसं चालायचं. पण पोरगं आसं येळंचं, की दिवस उगवायच्या आदी त्याला इचारायचा, मुंजाजीराव, निघू का? उंबऱ्यावरची सावली बघून तो सांगायचा आता किती दिवस वर आला. ढग आसले तर शेळीच्या रवंथ करण्यावरून सांगायचा. एकदा जालन्याकडची रेल्वे उशिरा आली तर ड्रायव्हरनं खाली उतरून त्याची माफी मागितली, आसं आत्या सांगायची. आत्या माझ्याच बापाची भैन, तवा खरं-खोटं तुमी ठरवा.

आन् आमच्यात मामाची पोरगी भाच्याची. मी पाळण्यात व्हते तवाच आत्यानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं व्हतं. बाप सगळ्याम्होरं म्हणायचा, तानू मुंजाजीचीच हाय. मीबी तेच आयकत वाढले. वालूरहून तो यायचा तवा मी दाराआड जायचे, आन् दाराच्या फटीतून बघायचे की हा सावली कशी बघतोय.

मी लुगडं नेसायला लागले तवा बापाच्या बोलण्यात एक शेपूट आलं. पोरगी तुझीच हाय धुरपता, म्हणायचा, पण पोराला नौकरी लागू दे. पावसाच्या भरवशावर मी पोरगी लोटीत न्हाई. आत्याला वाईट वाटलं न्हाई. तिला वाटलं, भाऊ पोरीचा इचार करायलाय.

त्या साली दसऱ्याच्या आदी शेटजीला हाजरी लिवणारा मानूस पायजे झाला. फाटकात उभं ऱ्हायचं आन् कोन कवा आला ते लिवायचं. मुंजाजी वालूरच्या मौलवीपाशी चार बुकं शिकलेला व्हता, आकडे निजामी आन् आपले दोन्ही लिवायचा. शेटजी ऱ्हायचा जालन्याला. त्यानं सांगून ठिवलं, आमुक दिवशी सकाळच्या रेल्वेनं येतो, दुसऱ्या भोंग्याच्या आत जे फाटकात आसतील तेवढ्यालाच बघतो. जो दुसऱ्याची येळ लिवनार त्याची सोताची येळ पक्की पायजे, आसं त्याचं म्हणणं. आत्या म्हणाली, ही नौकरी माझ्या मुंजाजीच्या मापानं शिवलीय.

आदल्या दिवशी दिवस मावळायला मुंजाजी आमच्या घरी आला. आत्यानं धुऊन दिलेलं धोतर, नवा फेटा, घोंगडी. वसरीत निजला. निजला कसला, मी फटफटायच्या आदी उठले तर हा फेटा बांधून, जोडे घालून, पाठ ताठ करून बसलेला. बाप कंदील घिऊन बॉयलर पेटवायला निघाला व्हता.

"आतापासूनच तयार का रं?" बाप म्हणाला.

"मामा, तुमच्या संगंच येतो. फाटकाशी बसून ऱ्हातो."

बापानं कंदील खाली ठिवला. त्याच्या शेजारी बसला, त्याच्या गुडघ्यावर हात ठिवला.

"शेटजीची एक खोड हाय बाबा. पहिल्या भोंग्याच्या आदी फाटकाशी बसलेला मानूस त्याला चालत न्हाई. म्हणतो, हा कामाला न्हाई आला, भुकेनं आलाय. पहिला भोंगा झाला की ऊठ. मामीच्या हातचं दूध पी. सावकाश ये. भोंगा माझ्या हातात हाय, तू कशाला घोर करतूस."

मुंजाजी हासला. जोडे काढून ठिवले त्यानं. तो हात मी बघितला गुडघ्यावर. बाप माझ्या डोक्यावरबी तसाच हात ठिवायचा.

हंगाम आजून लागायचा व्हता, जिनात मजूर न्हवते. बॉयलर दुरुस्त करून घेतला व्हता, तो धरतोय का बघायला बाप चार-सहा दिवसापून पेटवायला व्हता. गावाला भोंग्याची सवय आजून लागली न्हवती. त्या सकाळी भोंग्याकडं कान लावून बसलेले म्हंजी नौकरीला आलेले चार पोरं, तेवढेच.

बाप गेल्यावर आईनं भाकरी केल्या. मी न्याहारी फडक्यात बांधून जिनात गेले. चांगलं तांबडं फुटून गेलं व्हतं, चिंचेच्या शेंड्याला ऊन लागलं व्हतं. बॉयलरच्या खोलीत गेले तर बाप साखळी धरून उभा. नुसता धरून. वढत न्हवता. वरच्या नळीतून वाफ फसफस करायलेली, सगळी खोली धुरकट, माझ्या तोंडाला घाम आला. मी म्हणलं, आबा, भोंगा न्हाई वाजवला आजून? बाप माझ्याकडं न बघता म्हणाला, बॉयलरनं वाफ धरली न्हाई. भाकर ठिव आन् घरी जाय.

मला काय कळतंय बॉयलरचं. बापानं न्हाई म्हणलं तर न्हाई. भाकर काढून ठिवली, फडकं झटकलं आन् निघाले. फाटकाच्या आत बन्सीधर उभा व्हता, मुनीम दिनकररावाचा पोरगा. केसाला तेल, पायात नवे जोडे, आन् जांभई द्यायलेला. मला नवल वाटलं. सगळ्या सेलूला ठाव व्हतं की हा पोरगा दिवस कासराभर वर आल्याबिगर उठत न्हाई.

आर्ध्या वाटंवर आले आन् भोंगा झाला. मोठा, लांब. थोड्या येळानं समोरून मुंजाजी. फेटा नीट, चाल नीट, पळत न्हवता. मला बघून थांबला. मी पदर वढला. कधी न्हाई ते बोलला माझ्याशी.

"तानू, पहिल्याला निघालो. दुसऱ्याला लय टाइम हाय. मामीनं दूध बळंच पाजलं." मग वर बघितलं त्यानं. चिंचेच्या शेंड्यावरून ऊन पार खोडापसोर उतरलं व्हतं. "आज ऊन लवकरच वर आल्यावानी वाटतंय," म्हणाला, आन् सोताशीच हासून पुढं गेला.

तो फाटकाशी पोचला तवा फाटकाला साखळी लागलेली. बाकीचे तिघं आदीच भायेर उभे, एकमेकाकडं बघायलेले. आत शेटजी घड्याळ हातात धरून, आन् त्याच्याम्होरं एकला बन्सीधर. शेटजी रेल्वेतून उतरून सरळ दुसऱ्या भोंग्यालाच पोचलेला. पहिला झाला का न्हाई, त्याला कुठून ठाव. त्याच्या घड्याळानं भोंगा बरोबर वाजला व्हता. मुंजाजी म्हणे गजाला धरून एवढंच म्हणाला, की आत्ता तर पहिला झालाय. शेटजी मुनिमाला म्हणाला, ह्यान्ला पहिला-दुसरा कळत न्हाई, हे हाजरी काय लिवतील.

मुंजाजी आमच्या घरी आला न्हाई. तिथूनच वालूरला चालत गेला. त्याची घोंगडी आमच्या वसरीतच ऱ्हायली.

सांजच्याला दिनकरराव आले. संगं नारळ, खडीसाखर. बाप वसरीत बसलेला. दिनकरराव म्हणाले, पोराला शेटजीनं ठिवून घेतलं, आता लिंबाजी, आपलं ठरल्यापरमाणं. ठरल्यापरमाणं. मी आत चुलीपाशी व्हते. सकाळी बोळा करून कोनाड्यात टाकलेलं न्याहारीचं फडकं वाळत घालावं म्हून हातात घेतलं, ते वलंगच्च. सकाळपून वलंच. वाफेनं.

मग एक एक गोष्ट माझ्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसली. बापाच्या डोळ्यात दोन सालापून सारा व्हता, मोतीबिंदूवानी पडदा. बॉयलरच्या काचेतला काटा त्याला दिसायचा न्हाई, नुसत्या कानानं अंदाज करायचा. हे आमच्या घराला ठाव व्हतं, आन् मुनीम दिनकररावाला. शेटजीला कळलं आसतं तर बाप त्याच दिवशी भायेर. दिनकररावानं तोंड मिटून ठिवलं, आन् तोंड मिटायची किंमत मागितली. पोराला नौकरी आन् पोराला बायको. बापानं पहिल्या भोंग्याची एक साखळी वढली न्हाई, दोन्ही देऊन टाकलं.

मी आईला फडकं दाखवलं. म्हणलं, आई, वाफ व्हती. आईनं फडकं माझ्या हातातून घेतलं, पिळलं, दोरीवर टाकलं. म्हणाली, ते न्हवती म्हणले ना, मग न्हवती.

चार दिवसानं वालूरचा एक मानूस बाजाराला आला, त्याच्या हाती मुंजाजीचा निरोप. मामाला सांगा, माझ्यामुळं तुमची मान खाली गेली, माफ करा. मला येळेचा अंदाज ऱ्हायला न्हाई. बापानं निरोप आयकला आन् आत्याला उलटा निरोप धाडला, की पोराला येळंचं भानच न्हाई तर मी काय करू, शेटजीम्होरं मी किती रदबदली केली. आत्यानं म्हणे सोताच्या पोराला बोल लावले. ज्या पोरानं आयुष्यात सावली चुकवली न्हाई त्याला. तो खाली मान घालून आयकत ऱ्हायला.

तुळशीचं लगीन झालं आन् पाठोपाठ माझं ठरलं.

आता आमच्याकडची एक रीत हाय. हक्काचा भाचा सोडून पोरगी दुसरीकडं द्यायची तर त्या भाच्याला मांडवात बलवून, फेटा बांधून, त्याची राजीखुशी घ्यावी लागती. म्हून आत्या आन् मुंजाजी आले. आत्या एका कोपऱ्यात, डोळे कोरडे. मुंजाजीला बापानं सोताच्या हातानं फेटा बांधला. मी खिडकीतून बघत व्हते. फेटा बांधताना बापानं तो दोनदा सोडून परत बांधला. लोक म्हणाले, लिंबाजीचं भाच्यावर लय पिरेम.

त्या काळी लगनाचा मुहूर्त घड्याळावर न्हाई, जोशीबुवाच्या वाटीवर. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला सुईयेवढं भोक. पाण्याच्या घंगाळात ती अलगद सोडायची. भोकातून पाणी हळूहळू वर येतं, वाटी भरती, आन् गटकन बुडती. वाटी बुडली की मुहूर्त. मग मंगलाष्टकं, मग अक्षता. जोशीबुवा वाटी घेऊन आले आन् हळदकुंकू वाह्याला देवापुढं ठिवून गेले. तिथं देवापुढं कोन? मी. नवरीला एकलं बसवायची रीत. आन् नवरीच्या शेजारी काय? कुंकवाचा करंडा. आमच्या येळंला कुंकू नुसतं लावीत न्हवते, आदी कपाळाला मेण चोळायचं, मग त्याच्यावर कुंकू चिटकवायचं. करंड्यात मेणाची डबी आसायचीच.

माझी चतुराबाई काकू म्हणायची, मुहूर्त टळला की सोयरीक मोडती. दोन्हीकडचे लोक एकमेकाच्या उरावर बसत्यात. मी मेणाचा कण घेतला, बोटावर मऊ केला, आन् वाटीच्या बुडाला भोकावर दाबला. बोटाला कुंकू लागलेलं, ते मेणालाबी लागलं. वाटी परत जागंवर. हात जोडून बसले. पार्वतीसारखी गरीब दिसत आसन तवा.

जोशीबुवानं वाटी पाण्यात सोडली. आंतरपाट धरला. एकीकडं मी, एकीकडं बन्सीधर. तेबी उशिराच आले व्हते, पण आज त्याची कोनाला पर्वा. सगळे वाटीकडं बघायले. वाटी बदकासारखी तरंगायली.

लोकांनी अक्षता मुठीत धरल्या. धरून धरून तांदूळ घामानं वले झाले. वाटी तरंगायली. एका म्हाताऱ्याच्या मुठीतल्या तांदळाला मोड आले, आसं मागून लोक सांगायचे, मी काय बघितलं न्हाई. आंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, तर त्यांनी मानसं बदलली. स्वयपाकाच्या हंड्याखाली जाळ तिनदा इझला. जोशीबुवा वाकून वाकून बघायले, आन् मनात काय काय म्हणायले. दिनकररावाची नजर बापावर.

मग कोनीतरी म्हणालं, मुंजाजीला इचारा की. तो सावली बघून सांगतोय.

मुंजाजी उठला न्हाई. दोन-चार मानसांनी धरून पुढं आणला. त्यानं मांडवाच्या मेढीची सावली बघितली, आन् हळूच म्हणाला, मुहूर्त कवाच टळून गेला. वाटी खोटं बोलायलीय.

बाप तरातरा पुढं आला. त्याचा जीव घाबरा झाला व्हता, आन् घाबरलेला मानूस तोंडाला येईल ते बोलतोय.

"तू नको सांगूस येळ," बाप म्हणाला. "तुला येळेचं किती कळतंय ते सगळ्यांनी भोंग्याच्या दिवशी बघितलं."

 आत्यानं कोपऱ्यात पदर तोंडाशी नेला. मुंजाजीचा नवा फेटा, त्याच मामानं बांधलेला. मला वाटलं हा आता निघून जाईल.

तो गेला न्हाई. घंगाळापाशी बसला. वाटी पाण्यातून उचलली आन् उलटी केली. बघत ऱ्हायला. मी आंतरपाटाच्या कडंनं बघत व्हते. लाल मेणाचा कण मला तिथून दिसंना, पण त्याला दिसला, हे मला त्याच्या मानंवरून कळालं. त्यानं मान वर केली आन् माझ्याकडं बघितलं. माझ्या कपाळाकडं. मग बापाकडं. मग परत वाटीकडं. मी बोटं अशी आवळली की हातातल्या बांगड्या कचकन फुटायच्या ऱ्हायल्या. म्हणलं आता बोल. आता सांग सगळ्याला. फेक ती वाटी.

तो मामाजवळ गेला. आवाज चढवला न्हाई. मी जवळ व्हते म्हून मला आयकू आलं.

"मामा, त्या दिवशी ऊन खोडापसोर आलं व्हतं. मी बघितलं व्हतं. मी उन्हाला खोटं म्हणलं, तुमाला न्हाई म्हणलं."

बापाचं तोंड उघडलं. मला वाटलं तो म्हणतोय, वाफ धरली न्हाई. पण शब्द भायेर आला न्हाई. तेवढं एक वाक्य त्याला सगळ्या गावाला सांगता आलं, भैनीला सांगता आलं, मला सांगता आलं. मुंजाजीला सांगता आलं न्हाई.

मुंजाजी परत घंगाळाशी गेला. अंगठ्याच्या नखानं बुडावरचं मेण खरवडून काढलं. कोनाला दिसू दिलं न्हाई, बंडीच्या खिशात टाकलं. आन् वाटी पाण्यात सोडली.

सोडली. त्या हातानं. त्याला समदं कळालं व्हतं, बापाचं बी आन् माझं बी. माझं नाव जाऊ नये म्हून त्यानं आसं केलं, आसं लोक म्हणले आसते, कळालं आसतं तर. मला त्या बखताला तसं वाटलं न्हाई. मला वाटलं, बापानं एकदा विकलं आन् ह्यानं दुसऱ्यांदा. वाटीत पाणी चढत गेलं. तो उभा ऱ्हाऊन बघत व्हता, बरोबर भरायलीय का न्हाई ते. सवयच ती. मी आंतरपाटाच्या कडंनं त्याच्याकडं बघत व्हते, तो वाटीकडं. एवढा बखत व्हता त्याच्यापाशी. एक शब्द बोलायला लय व्हता.

वाटी गटकन बुडाली. जोशीबुवा आनंदानं वरडले. अक्षता पडल्या. त्या वल्या व्हत्या, अंगाला चिटकून ऱ्हायल्या.

जेवायला पंगती बसल्या तवा मुंजाजी दिसला न्हाई. फेटा त्यानं घडी करून मांडवाच्या मेढीला ठिवला व्हता. आत्यानं तो उचलला, माझ्या आईच्या हातात दिला, आन् लेकाच्या मागं चालत गेली. त्याच्यानंतर त्या मायलेकांनी आमच्या घरचं पाणी पिलं न्हाई. बापानं दोन-तीन साल भोंगा वाजवला, दोन्ही भोंगे, कधी चुकला न्हाई. मग डोळे पारच गेले आन् दिनकररावानंच शेटजीला सांगून दुसरा मानूस आणला. बाप म्हणायचा, व्याह्यानं धोका दिला. मी तवा सासरी व्हते, त्याच व्याह्याच्या घरात.

हे मागचं झालं. त्या दिवशीचं सांगते आन् संपवते.

दिवस कलला, बैलगाडी जुंपली. आईनं ओटी भरली, ती रडायली. मी रडले न्हाई, सगळ्याला नवल वाटलं. नवरदेव आजून कुठं तरी पान खात उभे, त्यान्ला हुडकायला मानसं गेलेली. बाप गाडीपाशी आला. माझ्या डोक्यावर हात ठिवला, तोच हात. म्हणाला, चल बाई, येळ झाला.

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यातल्या साऱ्यातून त्याला मी किती दिसले मला ठाव न्हाई.

"कोन्या भोंग्याचा, आबा?" मी म्हणलं. "पहिल्या का दुसऱ्या?"

बापानं हात काढून घेतला. गाडीवानाला म्हणाला, हाक.

गाडीवान म्हणाला, आवो नवरदेव यायचेत आजून.